मदत हवी आहे : मुलाच्या दोन तपासण्या, दोन वेगळी निदानं

नमस्कार. मुलगा साडेसहा वर्षांचा, उशिरा बोलायला लागला. मार्चमध्ये एका ठिकाणी आयएसएए (ऑटिझम मोजण्याची भारतीय मापनपट्टी) चाचणीत ७८ गुण आले, म्हणून सौम्य ऑटिझम सांगितला. जूनमध्ये दुसऱ्या डॉक्टरांनी ऑटिझम नाहीच, एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलता) आहे म्हटलं. तिथेच बिने-कामत चाचणीत बुद्ध्यांक ६८ आला आणि 'सौम्य बौद्धिक अक्षमता' असं लिहून दिलं.

तो आकडा मला पटत नाही. प्रश्न हिंदीतून विचारले, घरात आम्ही फक्त मराठी बोलतो. त्यात आदल्या रात्री त्याला ताप होता. निम्म्या प्रश्नांना तो गप्पच बसला. हाच मुलगा बसचे नंबर पाहून कुठली बस कुठे जाते ते अचूक सांगतो! व्हाइनलँड चाचणीत (रोजची कामं, मिसळणं वयाप्रमाणे जमतं का ते पाहणारी) सामाजिक गुणांक ८४ आला, मग बुद्ध्यांक एवढा खाली कसा?

मराठीतून चाचणी घेणारे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट सांगली-कोल्हापूरकडे कुणाला माहीत आहेत का? मालिनच्या बुद्धिमत्ता चाचणीतला कृतींचा भाग किंवा सेग्विन फॉर्म बोर्ड (आकार खाचांत बसवण्याची चाचणी) अशी, बोलण्यावर कमी अवलंबून असलेली चाचणी मागून घेता येते का? पुन्हा चाचणी किती महिन्यांनी करावी? शाळेला अहवाल लगेच हवाय. हा ६८ चा कागद देऊ की थांबू? स्पीच थेरपी मात्र चालूच ठेवली आहे. कुणी यातून गेलं असेल तर कृपया सांगा.