नास्तिकांच्या वादाला शिष्टाचाराची अट असावी का?

अजिंक्यतारा (सातारा):
साताऱ्यात जन्मलेले डॉ. श्रीराम लागू ‘देवाला रिटायर करा’ असे जाहीरपणे म्हणत, आणि साताऱ्याचेच डॉ. नरेंद्र दाभोलकर आपल्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीचा विरोध देवाधर्माला नसून त्यांच्या नावाने चालणाऱ्या शोषणाला आहे असे सांगत. तरीही हे दोघे एकाच व्यासपीठावरून महाराष्ट्रभर वाद-संवाद करीत. आज घरच्यांसोबत गणपतीच्या आरतीला उभ्या राहणाऱ्या नास्तिकाला नास्तिकांच्याच ऑनलाइन गटांत ‘भेकड’, ‘छुपा भक्त’ म्हणून झोडपले जाते, आणि झोडपणारे आस्तिक नसतात. मत खोडावे, माणसाच्या जातीवर, बाईपणावर, घरादारावर उतरू नये, असा लेखी नियम हवा. तो मोडणारा कितीही विद्वान असला तरी त्याला बाहेर काढावे.

कृष्णाकाठ (सांगली):
असहमत. टेंभूच्या आगरकरांची पुण्यातील सनातन्यांनी जिवंतपणी प्रेतयात्रा काढली, तरी त्यांनी आपली लेखणी बोथट केली नाही. सौम्य बोलण्याचा उपदेश आपल्याकडे प्रत्येक सुधारकाला झाला, आणि तो बहुधा प्रस्थापितांनीच केला. ‘भावना दुखावल्या’ या तक्रारीला कंटाळलेल्या नास्तिकांनी तीच खिडकी स्वतःच्या गटात उघडावी, हा विनोद आहे. धमकी हा गुन्हा आहे, त्यासाठी पोलीस आहेत, बाकीचे सोसावे.

माहुली:
आगरकरांचा दाखला तुमच्यावरच उलटतो. ते तुटून पडले ते केशवपन आणि बालविवाह यांवर. माणसाची विटंबना केली ती प्रेतयात्रा काढणाऱ्यांनी. जून 2011 मध्ये डब्लिनच्या नास्तिक अधिवेशनात पहाटे चारच्या सुमारास लिफ्टमध्ये एका पुरुषाने अमेरिकी नास्तिक लेखिका रेबेका वॉटसन यांना खोलीवर कॉफीसाठी बोलावले. पुरुषांनी असे करू नये, एवढेच त्या नंतर एका व्हिडिओत म्हणाल्या. त्यावर त्यांना बलात्काराच्या धमक्या येत राहिल्या, आणि प्रसिद्ध नास्तिक लेखक रिचर्ड डॉकिन्स यांनी त्यांच्या तक्रारीची उपरोधाने खिल्ली उडवली. मतभेद असले तरी छळ आणि धमक्या नकोत, असे संयुक्त निवेदन डॉकिन्स आणि नास्तिक लेखिका ऑफेलिया बेन्सन यांनी काढले ते जुलै 2014 मध्ये. तीन वर्षे ‘बाकीचे सोसावे’ हे कोणी कोणाला सांगायचे होते?

कृष्णाकाठ (सांगली):
धमक्यांविषयी आपला वाद नाहीच. माझा प्रश्न नियम राबवणाऱ्यांविषयी आहे. गटाचे अ‍ॅडमिन बहुधा सुशिक्षित, सवर्ण पुरुष असतात. जातीवर संतापून लिहिणारा दलित कार्यकर्ता त्यांना सर्वांत आधी उद्धट वाटतो, आणि गोड भाषेत तुच्छतेने बोलणारा मात्र सुसंस्कृत ठरतो.

अजिंक्यतारा (सातारा):
म्हणूनच नियम स्वराविषयी नको, रोखाविषयी हवा. मनुस्मृतीवर कितीही आग ओकावी. समोरच्याच्या बायकोविषयी लिहू नये. निर्णय एकट्या अ‍ॅडमिनने न घेता तिघांनी घ्यावा, त्यांत किमान एक स्त्री असावी, आणि काढण्याचे कारण सर्वांसमोर लिहावे.

कृष्णाकाठ (सांगली):
कारण जाहीर होणार असेल तर मसुदा टाका, वाचतो. त्यात भाषेच्या तीव्रतेवर एक जरी कलम आले, तरी माझा विरोध कायम राहील.