प्रतिसाद: दाबाचा आकडा चुकला की उंची चुकते

ऑटोपायलट चालू असताना विमान उतरताना ठरलेल्या उंचीखाली जातंच कसं, हा प्रश्न रास्त आहे. ऑटोपायलट दिलेली उंची इमानदारीने धरतो, फक्त ती मोजायची कुठून हेच चुकलेलं असतं.

उंचीमापक मोजतो हवेचा दाब. वर सगळे उंचीमापकावर १०१३ हेक्टोपास्कल हा प्रमाण दाब लावून उडतात, खाली येताना ट्रान्झिशन लेव्हलला (दाब बदलायच्या ठरलेल्या पातळीला) स्थानिक क्यूएनएच, म्हणजे तिथला समुद्रसपाटीवर आणलेला दाब, लावायचा. एका हेक्टोपास्कलला साधारण २८ फूट. खरा दाब ९९१ असताना १०१३ तसाच राहिला, तर पडद्यावर ३००० दिसताना विमान असतं सुमारे २४०० वर. उलटी चूक विमानाला वर ठेवते, ती त्यामानाने परवडली.

आयएलएसवर (धावपट्टीजवळून येणाऱ्या रेडिओ संकेतांनी उतरताना) उतारमार्ग रेडिओ लहरींचा असल्याने तो हलत नाही. बॅरो-व्हीनॅव्हमध्ये, म्हणजे उतारमार्ग उंचीमापकाच्या दाबावरून ठरतो तेव्हा, मात्र अख्खा मार्गच खाली सरकतो आणि पडद्यावर सगळं जागच्या जागी दिसतं! मे २०२२ मध्ये पॅरिसच्या शार्ल द गोल विमानतळावर नियंत्रकाने एका विमानाला क्यूएनएच १००१ ऐवजी १०११ सांगितला. वैमानिकांनी तोच आकडा बिनचूक परत म्हटला, म्हणजे रीडबॅकची चाळणी निकामी. विमान २८० फूट खालून आलं, गो-अराउंड घेताना (उतरणं सोडून पुन्हा वर जाताना) जमिनीपासून अवघ्या ६ फुटांपर्यंत पोचलं. धावपट्टी अजून दीडेक किलोमीटर पुढे होती.

म्हणून नियंत्रकाचा आकडा एटिसशी (विमानतळाच्या ध्वनिमुद्रित हवामान-माहितीशी) ताडून पाहायचा. फरक दिसला तर पुन्हा विचारायचं, कितीही घाई असो. रेडिओ उंचीमापक रेडिओ लहरींनी थेट जमिनीपासूनची उंची मोजतो, तो क्यूएनएचवर अवलंबून नसतो. खालची जमीन सपाट असेल तर त्याच्याकडेही नजर हवी.