निपाणीतली तंबाखूची जुनी वखार: चुन्याच्या गिलाव्याबद्दल मदत हवी आहे

निपाणीत आमच्या घरची तंबाखूची जुनी वखार आहे. दगड-चुन्याच्या भिंती, छपराला सागवानी कैच्या (कौलं पेलणारे त्रिकोणी सांगाडे), वर मंगळुरी कौलं. पाडायची नाही, आत मुलांसाठी अभ्यासिका करायचीय. (ठेकेदाराचं एकच: पाडा आणि कॉम्प्लेक्स बांधा!) कैच्या ठणठणीत आहेत, कौलं चाळून झाली. अडलंय ते भिंतींवर. मागे कधीतरी सिमेंटचा गिलावा मारलाय, त्यामुळे आतली ओल बाहेर पडत नाही, खाली फुगवटे आलेत. वॉटरप्रूफिंगचा रंग लावून पाहिला, तोही पापुद्र्यांनी सुटला. आता सिमेंट काढून पावसाळ्याआधी चुन्याचा गिलावा करायचाय. चुना, वाळू, सुरखी (विटांची पूड) यांचं प्रमाण काय धरावं? बेळगाव-कोल्हापूर पट्ट्यात चुन्याचं काम जाणणारे गवंडी कुठे मिळतील? आणि भिंतीत मुरलेला तंबाखूचा वास नुसत्या सफेदीने जातो का?