रुग्णांचे ऑनलाइन गट: तुम्हाला काय मिळालं, काय खटकलं?

निदान झालं की डॉक्टर आजाराचं नाव सांगतात, गोळ्या लिहून देतात, पुढची तारीख देतात. खरे प्रश्न घरी आल्यावर सुरू होतात. मला ऱ्हुमॅटॉइड संधिवात आहे. सकाळी बोटं आखडलेली असताना बाटलीचं झाकण कसं उघडायचं, आठवड्यातून एकदाच घ्यायच्या मेथोट्रेक्सेटनंतर दुसऱ्या दिवशी मरगळ येते तर त्या गोळीचा वार कोणता ठेवावा हे डॉक्टरांना विचारायचं असतं, हेसुद्धा मला ऑनलाइन गटातल्या त्याच आजाराच्या बायकांनी शिकवलं. ही माणसं मी कधी प्रत्यक्ष भेटलेली नाही, तरी त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

तुम्ही अशा गटात का गेलात, टिकलात की बाहेर पडलात, ते सविस्तर लिहा. रुग्णाबरोबर राहणाऱ्यांनीही लिहावं. दोन विनंत्या: औषधांचे डोस लिहू नका, डॉक्टरांची आणि रुग्णालयांची नावं घेऊ नका.

टाइप १ मधुमेह, मुलीची आई

रात्री झोपेत साखर खाली गेली तर कळणार कसं, ही धास्ती ज्या घरात आहे त्यांनाच समजते. पालकांच्या गटात अपरात्रीही कुणीतरी जागं असतं. मुलीला उलट्या होत होत्या, पोटात काही ठरत नव्हतं. अशा वेळी इन्सुलिन पूर्ण बंद करायचं नसतं, किटोन (इन्सुलिन कमी पडलं की रक्तात साठणारी आम्लं) तपासायचे असतात, हे डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं. पण घाबरल्यावर डोकं चालत नाही. गटातल्या एकीने दोनच गोष्टी विचारल्या: किटोन बघितले का, डॉक्टरांना फोन लावला का? तेवढ्याने मी भानावर आले.

आणखी एक सांगते. मुलाच्या अंगावरच्या साखर मोजणाऱ्या सेन्सरचे आकडे आपल्याला लांबूनही दिसावेत म्हणून २०१३ मध्ये एका प्रोग्रॅमर वडिलांनी स्वतःच कोड लिहिला. इतर पालक त्यांना ऑनलाइन येऊन मिळाले आणि त्यातून 'नाइटस्काउट' ही प्रणाली उभी राहिली. कंपनीची तशी सोय नंतर आली.

एएलएस, नवऱ्याची काळजी घेणारी

थोडं लांबेल, पण लिहायचंच आहे.

एएलएस या मज्जातंतूंच्या आजारात हातापायांची, बोलण्याची, गिळण्याची ताकद जात राहते. नवऱ्याचं बोलणं अजून स्पष्ट होतं तेव्हा गटातल्या एका गृहस्थांनी लिहिलं, "आवाज आत्ताच रेकॉर्ड करून ठेवा." अशा रेकॉर्डिंगवरून संगणकात त्या माणसासारखा बोलणारा आवाज तयार करता येतो, हे आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं. आज नवरा नजरेने अक्षरं निवडतो आणि वाक्य त्याच्या स्वतःच्या आवाजात ऐकू येतं. नातवंडांना तोच आवाज आजोबांचा म्हणून माहीत आहे.

त्याच गटात दर थोड्या दिवसांनी कुणीतरी नवं औषध घेऊन येतं. त्यांना मी लिथियमची हकिगत सांगते. लिथियमने एएलएस मंदावतो असं सुचवणारा एक छोटा अभ्यास २००८ मध्ये आला आणि जगभरातल्या रुग्णांनी आपापल्या डॉक्टरांकडून ते लिहून घ्यायला सुरुवात केली. 'पेशंट्सलाइकमी' या संकेतस्थळावर हे रुग्ण आपली प्रकृती नियमित नोंदवत होते. ते २००४ मध्ये सुरू केलं होतं एएलएस झालेल्या तरुणाच्या दोन भावांनी आणि त्यांच्या एका मित्राने. लिथियम घेणाऱ्या १४९ जणांची तुलना तशाच गतीने आजार वाढणाऱ्या, पण ते न घेणाऱ्यांशी केली गेली. वर्षभरात काहीही फरक दिसला नाही. २०११ मध्ये हे 'नेचर बायोटेक्नॉलॉजी'त छापून आलं. पुढे रीतसर चाचण्यांतही फायदा आढळला नाही.

हे वाचून मला रडू आलं होतं. पण आशा खोटी आहे हे रुग्णांनीच नोंदी ठेवून शोधून काढलं, याचा मला अभिमान वाटतो. "मला गुण आला" असं लिहिणाऱ्याला मी आता विचारते, आधीची नोंद आहे का?

सीलिअ‍ॅक

या आजारात गव्हातल्या ग्लूटेन या प्रथिनाने आतड्याला इजा होते. एकच सांगायचंय. गटात लोक लगेच म्हणतात, "गहू सोडून बघा." तपासणीआधी गहू सोडू नका. ग्लूटेन बंद केलं की रक्तातल्या अँटीबॉडी उतरतात, आतड्याचं अस्तर भरून यायला लागतं आणि आजार असूनही तपासणी निर्दोष येऊ शकते. आधी तपासणी, मग पथ्य.

स्तनांचा कर्करोग, उपचार पूर्ण

मी गट सोडला होता. केमोच्या काळात तिथे रोज कुणाचा आजार उलटल्याची, कुणी गेल्याची बातमी असे. मला वाटायला लागलं, यातून कुणीच सुटत नाही. माझ्या समुपदेशकांनी विचारलं, "बऱ्या झालेल्या बायका तिथे किती लिहितात?" तेव्हा उलगडलं. बऱ्या झालेल्या कामाला, संसाराला लागतात आणि गटातून निघून जातात. मागे राहतात त्या सध्या त्रासात असलेल्या. म्हणून गटावरून आजाराचा अंदाज बांधायचा नाही, हे मी प्रत्येक नव्या बाईला सांगते. मी परत गेले तीही त्याचसाठी. माझी तपासणी नीट आली की तिथे कळवते, तपशिलासह.

लाँग कोविड

रिपोर्ट नॉर्मल आणि मला जिना चढवेना. घरचेही "मनाचे खेळ" म्हणायला लागले होते. कोविडनंतर लांबत जाणाऱ्या या त्रासाला 'लाँग कोविड' हे नाव मे २०२० मध्ये स्वतः रुग्ण असलेल्या एका संशोधिकेने ट्विटरवर वापरलं, डॉक्टरांनी ते मागाहून उचललं. जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्या ऑक्टोबर २०२१ मध्ये आली. मधल्या काळात माझ्यावर विश्वास ठेवणारी माणसं फक्त गटात होती. श्रमानंतर दुसऱ्या दिवशी कोसळायला होतं, म्हणून दमण्याआधीच थांबायचं, हे त्यांनीच शिकवलं.

मी डॉक्टर आहे

रुग्ण गटातलं वाचून आला की काही सहकारी चिडतात. मी म्हणतो, दाखवा काय वाचलंत. डेव्ह डीब्राँकार्ट या अमेरिकन रुग्णाला २००७ मध्ये मूत्रपिंडाचा पसरलेला कर्करोग निघाला, तेव्हा त्यांच्या डॉक्टरांनीच त्यांना रुग्णांच्या ऑनलाइन गटाकडे पाठवलं. इंटरल्यूकिन-२ हे मोजक्याच ठिकाणी मिळणारं औषध आणि त्याचे त्रास त्यांना तिथल्या अनुभवी रुग्णांकडून कळले. ते बरे झाले. सगळ्यांना त्या औषधाचा गुण येत नाही, हेही तितकंच खरं.

थायरॉइड गटाची अ‍ॅडमिन

आमच्याकडे रिपोर्टचा फोटो टाकायचा असेल तर नाव झाकून. बंद गट म्हणजे गुप्त गट असं समजू नका. २०१८ मध्ये अनुवंशिक कर्करोगाचा धोका असलेल्या बायकांच्या फेसबुक गटात उघड झालं की सदस्यांची यादी बाहेरच्यांनाही उतरवून घेता येत होती. काही विकायला येणाऱ्याला आम्ही त्याच दिवशी काढतो. गोळी कमीजास्त करायचा सल्ला पुसून टाकतो, पण "गोळी रिकाम्या पोटी घ्या, कॅल्शियम आणि लोह चार तासांच्या अंतराने, बायोटिन (केसांसाठी घेतात ते जीवनसत्त्व) घेत असाल तर तपासणीआधी डॉक्टरांना सांगा" हे वरती चिकटवून ठेवलंय. निम्मे प्रश्न तिथेच सुटतात.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. आवाज रेकॉर्ड करण्याबद्दल अधिक विचारणा येते आहे. कोणत्या टप्प्यावर सुरुवात केली, किती वाक्यं वाचून घेतली, ते जमेल तेव्हा लिहाल का? पार्किन्सन्स आणि अपस्मार असलेल्यांनी अजून काहीच लिहिलेलं नाही, त्यांची वाट बघते आहे.