अ‍ॅमट्रॅकचा तोटा आणि अमेरिकी काँग्रेसचा दरवर्षीचा वाद

जिज्ञासू :
अमेरिकेच्या राष्ट्रीय प्रवासी रेल्वेविषयी, म्हणजेच अ‍ॅमट्रॅकविषयी, वाचताना एक गोष्ट उलगडत नाही. १ मे १९७१ रोजी सेवा सुरू झाल्यापासून ही कंपनी कधीतरी स्वबळावर चालेल, असे सांगितले जात होते. १९९७ च्या कायद्याने तर परिचालनासाठी सरकारी मदत लागू नये म्हणून २००२ ची मुदतच घालून दिली. ती मुदत केव्हाच टळली. तरीही दरवर्षी काँग्रेसमध्ये तोच वाद होतो आणि निधीही मंजूर होतो. सेवा तोट्याची आहे हे मान्य असेल, तर ती बंद का केली जात नाही? आणि ती आवश्यक असेल, तर तिला पुढच्या काही वर्षांचा पैसा एकदम का दिला जात नाही?

जुने दप्तर :
उत्तराचा बराचसा भाग कंपनीच्या जन्मातच आहे. १९६० च्या दशकात महामार्ग आणि विमाने यांनी खासगी रेल्वे कंपन्यांचे प्रवासी पळवले, १९६७ मध्ये टपाल खात्याने बहुतेक टपाल गाड्यांवरून काढून घेतले, आणि जून १९७० मध्ये पेन सेंट्रल ही अवाढव्य कंपनी दिवाळखोरीत गेली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये निक्सन यांनी सही केलेल्या कायद्याने प्रवासी वाहतुकीचे लोढणे खासगी कंपन्यांच्या गळ्यातून काढून नव्या महामंडळाकडे सोपवले. खासगी व्यवसायाला जे परवडत नव्हते तेच घेऊन नफा कमवा, अशी ही अपेक्षा होती. ती पुरी झाली नाही याचे आश्चर्य वाटण्याचे कारण नाही.

हिशेबनीस :
‘तोटा’ कोणता, हे आधी ठरवावे लागेल. २०१९ च्या आर्थिक वर्षात अ‍ॅमट्रॅकने सुमारे ३ कोटी २५ लाख प्रवासी वाहून नेले आणि परिचालनातील तूट जेमतेम ३ कोटी डॉलरवर आणली. या आकड्यात घसारा, म्हणजे मालमत्तेच्या झिजेपोटी दरवर्षी धरायचा खर्च, धरलेला नाही; तो धरला की तूट कित्येक पटींनी फुगते, आणि विरोधक नेमका तोच आकडा मांडतात. दोन्ही बाजू आपापल्या जागी खऱ्या आहेत. मात्र खरा खर्च भांडवली आहे. वॉशिंग्टन ते बोस्टन या ७३५ किलोमीटरच्या कॉरिडॉरचा बहुतांश भाग अ‍ॅमट्रॅकच्या मालकीचा असल्यामुळे तेथील पूल, तारा आणि बोगदे यांचा भार तिच्यावर पडतो. हडसन नदीखालचे बोगदे १९१० मधले आहेत आणि २०१२ च्या सँडी वादळात त्यांत खारे पाणी शिरले. तिकिटाच्या पैशांतून असे बोगदे नव्याने बांधता येत नाहीत. रस्त्यांचेही तसेच आहे : पेट्रोलवरील केंद्रीय कर १९९३ पासून गॅलनला १८.४ सेंटवरच अडकला आहे आणि २००८ पासून महामार्ग निधीत सर्वसाधारण तिजोरीतून वारंवार भर घालावी लागली आहे. महामार्ग नफ्यात आहे का, असे मात्र कोणी विचारत नाही.

मतपेटी :
बंद का होत नाही, याचे उत्तर सिनेटमध्ये आहे. २००५ मध्ये बुश प्रशासनाने पुढील वर्षाच्या अर्थसंकल्पात अ‍ॅमट्रॅकसाठी शून्य रक्कम दाखवली होती. २०१७ मध्ये ट्रम्प प्रशासनाने लांब पल्ल्याच्या गाड्यांचे अनुदान थांबवण्याचा प्रस्ताव मांडला. दोन्ही वेळा काँग्रेसने पैसा दिला, कारण या गाड्या मोंटाना, नॉर्थ डाकोटा आणि कॅन्सससारख्या राज्यांतील अशा गावांतून जातात, जिथे विमानतळ दूर आहे आणि सिनेटर बहुधा रिपब्लिकन आहे. २०१८ मध्ये अ‍ॅमट्रॅकनेच ‘साउथवेस्ट चीफ’ या लांब पल्ल्याच्या गाडीच्या मार्गातील काही टप्प्यावर गाडीऐवजी बस चालवण्याचा विचार मांडला, तेव्हा कॅन्ससचे रिपब्लिकन सिनेटर जेरी मोरान विरोधात उभे राहिले आणि तो बेत मागे पडला. सगळ्यांत जास्त तोट्याच्या गाड्याच महामंडळाला मते मिळवून देतात. फक्त ईशान्येकडील कॉरिडॉर उरला, तर त्यासाठी पन्नास राज्यांच्या प्रतिनिधींनी पैसा का द्यावा?

उलट तपासणी :
‘मतपेटी’ यांचे निरीक्षण बरोबर आहे, पण ते धोरणाचे समर्थन ठरू शकत नाही. ‘हिशेबनीस’ यांची महामार्गांशी केलेली तुलनाही मला अपुरी वाटते, कारण रस्ता जवळजवळ प्रत्येक नागरिक वापरतो आणि मालवाहतूकही त्यावरून होते. आठवड्यातून तीनच दिवस धावणारी ‘सनसेट लिमिटेड’ कोणाच्या नित्याच्या प्रवासाची सोय करते? शिवाय कॉरिडॉरबाहेर बहुतेक गाड्या मालवाहू कंपन्यांच्या रुळांवरून धावतात. कायद्याने प्रवासी गाडीला अग्रक्रम असला, तरी प्रत्यक्षात तिला बाजूला थांबवून मालगाडी पुढे काढली जाते, अशी तक्रार जुनीच आहे, आणि २०२४ मध्ये न्याय विभागाने त्यावरून नॉरफोक सदर्न कंपनीला न्यायालयात खेचले. माझ्या मते पैसा मध्यम अंतराच्या मार्गांवर जावा. २००८ च्या कायद्याने ७५० मैलांहून कमी अंतराच्या मार्गांचा खर्च राज्यांवर टाकला. ज्या राज्यांना गाडी हवी आहे ती पैसे मोजतात, हे मला अधिक प्रामाणिक वाटते.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाविषयी : एकदम पैसा देण्याचा प्रयोग झालेला आहे. २०२१ च्या पायाभूत सुविधा कायद्याने रेल्वेसाठी ६,६०० कोटी डॉलर ठेवले, त्यांपैकी २,२०० कोटी थेट अ‍ॅमट्रॅकला, आणि तेही पाच वर्षांसाठी आगाऊ. वार्षिक मंजुरीवर जगणाऱ्या संस्थेला डबे मागवताना किंवा पुलाचे कंत्राट देताना जी धास्ती असते, ती त्यामुळे काही काळ कमी झाली. ही पाच वर्षे सप्टेंबर २०२६ अखेर संपतात.