सेवाकार्यात खेळ आणि अनुभव यांतून शिकवण्यासाठी युवा कार्यकर्त्यांना कसे तयार करावे?

प्रश्न : युवा कार्यकर्ता, चोपडा

नमस्कार. आमचे मंडळ चोपडा आणि यावल तालुक्यांतील महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सेवा योजना पथकांना हिवाळी शिबिरात मदत करते. दत्तक गावात सात दिवसांचा मुक्काम असतो. सकाळी श्रमदान, दुपारी बौद्धिक आणि रात्री सांस्कृतिक कार्यक्रम असा क्रम ठरलेला आहे. वनराई बंधाऱ्यासाठी (ओढ्यावर मातीच्या पोत्यांनी घातलेल्या तात्पुरत्या बांधासाठी) उत्साहाने पोती भरणारी मुले दुपारच्या व्याख्यानात पेंगू लागतात, म्हणून आम्ही तेथे काही खेळ घेऊ लागलो. खेळ रंगतात, परंतु खेळ संपला की टाळ्या होतात आणि विषयही तेथेच संपतो.

येत्या शिबिरापूर्वी आमच्या तरुण गटप्रमुखांचे दोन दिवसांचे प्रशिक्षण घ्यायचे आहे. खेळांच्या याद्या पुष्कळ मिळतात. त्या खेळांतून सेवाकार्याविषयीची समज कशी वाढवावी आणि हे कौशल्य दोन दिवसांत कसे शिकवावे, याविषयी अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

उत्तर : प्रशिक्षक, जळगाव

भाऊ, दोन दिवसांपैकी नवे खेळ शिकवण्यावर तास-दीड तासापेक्षा अधिक वेळ देऊ नका, असे मी आग्रहाने सुचवेन. खेळ तरुणांना पटकन येतात. अवघड असते ते खेळानंतरचे बोलणे.

अमेरिकी अभ्यासक डेव्हिड कोल्ब यांनी १९८४ मध्ये अनुभवाधारित शिक्षणाचे जे चक्र मांडले, त्यात प्रत्यक्ष अनुभव, त्या अनुभवाकडे पुन्हा पाहणे, त्यातून काही सूत्र काढणे आणि ते सूत्र नव्या प्रसंगी वापरून पाहणे असे चार टप्पे आहेत. बहुतेक शिबिरांत पहिला टप्पा पार पडतो आणि उरलेले तीन गटप्रमुख स्वतःच एका वाक्यात उरकतो : ‘तर मित्रांनो, या खेळातून आपण एकजुटीचे महत्त्व शिकलो.’ हे वाक्य प्रशिक्षणाच्या पहिल्याच तासात बंद करावे, कारण ते कानांवर पडले की मुलांना स्वतः विचार करण्यासारखे काही उरत नाही. खेळ वीस मिनिटांचा असेल, तर चर्चेसाठी किमान तीस मिनिटे राखून ठेवावीत.

चर्चेतील प्रश्नांचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी काय घडले ते विचारावे, मग त्या वेळी काय वाटले ते, त्यानंतर असेच आपल्या गावात किंवा कामात कोठे घडते ते, आणि शेवटी उद्याच्या कामात आपण काय बदलणार आहोत ते. ‘तू असे का केलेस?’ या प्रश्नाने सुरुवात केली, तर मुलगा स्वतःचा बचाव करू लागतो आणि चर्चा तेथेच अडते. प्रश्न विचारल्यावर गप्प राहणे हेही शिकवावे लागते. नवा गटप्रमुख शांततेला घाबरतो आणि स्वतःच उत्तर देऊन मोकळा होतो.

पहिल्या दिवशी गटप्रमुखांनी स्वतः सहभागी म्हणून खेळावे आणि प्रत्येक सत्रानंतर ते सत्र कसे रचले होते हे उलगडून पाहावे. दुसऱ्या दिवशी त्यांनी जोडीजोडीने सत्र घ्यावे आणि बाकीच्यांपैकी दोघांनी केवळ निरीक्षण करावे : कोण बोलले, कोण अजिबात बोलले नाही, कोणता प्रश्न विचारल्यावर चर्चा खुलली. निरीक्षकांनी ‘छान झाले’ असे न म्हणता, पाहिलेली गोष्ट सांगावी, एवढा एक नियम कसोशीने पाळला, तर दुसरा दिवस पहिल्यापेक्षा अधिक शिकवून जातो.

उत्तर : पाणलोट कार्यकर्ता, साक्री

वरील मांडणीशी मी सहमत आहे. त्यात एवढीच भर घालतो की, खेळ शक्यतो आपल्या भागातील प्रश्नावर स्वतः रचावा. आम्ही पाणीवाटपाचा एक खेळ घेतो, तो सविस्तर देत आहे.

दहा जणांना पाटावरचे शेतकरी समजून एका रांगेत बसवावे. पाणी म्हणून साठ चिंचोके घ्यावेत. पीक वाचवायला प्रत्येकाला सहा चिंचोके लागतात, परंतु एका वेळी दहापर्यंत घेण्याची मुभा असते. पहिल्या फेरीत कोणी कोणाशी बोलायचे नाही आणि रांगेतील क्रमाने उचलायचे. वरच्या अंगाच्या सहा जणांनी दहा-दहा घेतले, तर शेवटच्या चौघांच्या हाती काहीच येत नाही. दुसऱ्या फेरीआधी गटाने एकत्र बसून नियम ठरवावेत आणि आपल्यातून एक पाटकरी, म्हणजे पाटाचे पाणी वाटून देणारा, नेमावा. तिसऱ्या फेरीत चिंचोके चाळीसच ठेवावेत. आता कितीही समान वाटले तरी सर्वांचे पीक वाचत नाही, आणि खरी चर्चा येथेच सुरू होते.

त्यानंतर आम्ही पांझरा नदीवरील फड पद्धतीची माहिती देतो. बंधाऱ्याखालील क्षेत्राचे फड, म्हणजे मोठे भाग, पाडायचे, एका फडात एका हंगामी एकच पीक घ्यायचे आणि पाणी कमी असेल त्या वर्षी कोणत्या फडाला पाणी द्यायचे हे शेतकऱ्यांनी एकत्र बसून ठरवायचे, अशी ही कित्येक पिढ्यांची व्यवस्था आहे. हीच माहिती खेळाआधी दिली तर मुले ती इतिहास म्हणून ऐकतात. खेळानंतर दिली तर ‘तेव्हा भांडणे कोण मिटवत असे?’, ‘कमी पाण्यात ऊस लावायला कोणी हट्ट धरला तर?’ असे प्रश्न त्यांच्याकडूनच येतात. शक्य असल्यास दुसऱ्या दिवशी एखादा बंधारा आणि पाट प्रत्यक्ष दाखवावा आणि गावातील जुन्या जाणत्यांशी मुलांची गाठ घालून द्यावी.

उत्तर : शिक्षिका, धडगाव

गटप्रमुखांना सुरक्षिततेविषयी स्वतंत्र वेळ देऊन शिकवावे, अशी माझी विनंती आहे. डोळे बांधून चालवण्याचे किंवा हात धरण्याचे खेळ मुलींना अनेकदा संकोचाचे वाटतात. ‘मी या फेरीत निरीक्षण करीन’ असे म्हणण्याची मोकळीक प्रत्येकाला हवी, आणि त्याचे कारण कोणी विचारू नये. स्वतःच्या परिस्थितीनुसार एकेक पाऊल पुढे टाकण्याचा जो खेळ विषमता समजावण्यासाठी घेतात, त्यात मुलांना नेहमी काल्पनिक भूमिका द्याव्यात. ऊसतोडीला जाणाऱ्या घरातील मुलगी सर्वांसमोर खरोखरच मागे उभी राहिली, तर तो तिच्यावर अन्याय आहे.

दुसरे असे की, बाद होण्याचे खेळ टाळावेत, कारण ज्याला सामील करून घेण्याची सर्वाधिक गरज असते, तोच आधी बाद होऊन बाहेर बसतो. आमच्याकडे पावरी आणि भिलोरी बोलणारी मुले प्रमाण मराठीतील चर्चेत गप्प राहतात. त्यांना आधी आपल्या बोलीत दोघा-दोघांत बोलू द्यावे, मग मोठ्या गटात विचारावे. खानदेशातील इतर भागांत अहिराणीच्या बाबतीतही हेच करता येईल.

उत्तर : सेवा दलाचा जुना कार्यकर्ता, अमळनेर

राष्ट्र सेवा दलाच्या शाखांत १९४१ पासून खेळ, गाणी आणि श्रमदान एकत्र नांदत आले आहेत, तेव्हा खेळांना माझा विरोध नाही. मात्र आपल्या चर्चेत एक गोष्ट सुटते आहे असे मला मनापासून वाटते. शिबिरातील सर्वांत मोठा अनुभव तर सकाळी बंधाऱ्यावर घडलेला असतो, आणि त्याविषयी कोणीच काही विचारत नाही. पोती कोणी उचलली, सूचना कोणी दिल्या, मुलींना केवळ पाणी वाटण्याचे काम का मिळाले, गावातील माणसे कडेला उभी राहून का पाहत होती, या प्रश्नांसाठी वेगळा खेळ रचावा लागत नाही. गटप्रमुखांनी चर्चेचे कौशल्य आधी श्रमदानावर वापरावे; गावाशी बोलण्याची तयारी किंवा पाण्याचा वाद असे जे प्रत्यक्ष कामात सहज हाताळता येत नाही, त्याच्यासाठी खेळ घ्यावा.

प्रश्नकर्ता, चोपडा

अमळनेरचे आप्पा, धडगावच्या ताई आणि सर्वांचे आभार. दुपारचे सत्र सकाळच्या कामापासून सुरू करण्याचा विचार आम्हांला सुचला नव्हता. एक शंका उरते : शिबिरात पन्नास मुले असतात, मग चर्चेत सर्वांना बोलायला कसे मिळेल?

प्रशिक्षक, जळगाव

पन्नास जणांची एकत्र चर्चा घेऊ नका. बारा-तेरा जणांचे चार गट करावेत, प्रत्येक गटाला दोन गटप्रमुख द्यावेत : एक प्रश्न विचारणारा आणि दुसरा कोण बोलले नाही याकडे लक्ष ठेवणारा. गट सातही दिवस तेच ठेवावेत. रात्री मुले झोपल्यावर सर्व गटप्रमुखांनी अर्धा तास एकत्र बसून दुसऱ्या दिवशीचा पहिला प्रश्न लिहून काढावा. दोन दिवसांच्या प्रशिक्षणात या रात्रीच्या बैठकीचाही एकदा सराव करून घ्यावा.