मदत हवी आहे: निसर्ग संवर्धन शिकवण्यात करिअर करायचंय, कुठला फॉर्म भरू?

रानवाट_सत्तरी: नमस्कार मंडळी, जरा लवकर सांगा, फॉर्मची मुदत चार दिवसांत संपतेय. तीन वर्षं गोव्यात लेक्चर बेसिसवर, म्हणजे तासाप्रमाणे पैसे घेऊन शिकवतेय, जूनमध्ये परत बोलावतील की नाही ते मे संपेपर्यंत कळत नाही. मला संवर्धनाचं नेतृत्व शिकवायचंय, म्हणजे गाववाले, वनखातं, पंचायत यांना एकत्र बसवून मार्ग काढणारी पोरं घडवायचीत. नेटची परीक्षा देऊ, पीएचडी करू की परदेशात जाऊ?

मांडवीकाठ: कसला फॉर्म? एमेस्सी कशात? वय किती?

डोंगरमाथा: पीएचडीच करा. माझी २०१६च्या नियमांखाली झाली, नेटमधून सूट मिळाली.

मांडवीकाठ: अहो डोंगरमाथा, जुलै २०२३पासून असिस्टंट प्रोफेसरला देशपातळीची नेट नाहीतर राज्यपातळीची सेट किंवा स्लेट परीक्षा पास ही किमान पात्रता, पीएचडी ऐच्छिक. तिला चार दिवसांत उत्तर हवंय आणि तुम्ही पाच वर्षांचं काम सांगताय!

डोंगरमाथा: पीएचडीशिवाय पुढे प्रमोशन अडतं ते पण सांगा की मग.

परदेशस्थ_पेडणेकर: केंब्रिजला २०१०पासून नेमका कन्झर्व्हेशन लीडरशिपचाच एम.फिल. आहे, त्यात संवर्धन संस्थेत जाऊन प्रत्यक्ष काम करावं लागतं. स्कॉलरशिप शोधा.

पाखरू: दुर्बीण ८ बाय ४२ घ्या. रायबंदरहून फेरीने चोडणला जा, सलीम अली अभयारण्यात पहाटे मस्त पक्षी दिसतात.

साखळीचो_बाब: सरकारी जागा असेल तर १५ वर्षांचा रहिवासी दाखला आधी काढ बाय. आणि जाहिरातीत कोकणी आवश्यक, मराठी आली तर उत्तम असं असतं, आम्ही शाळा मराठीतून शिकलो त्यांनी काय करायचं?

मांडवीकाठ: तो वाद इथे नको हो, वेगळा धागा काढा. ताई, एमेस्सी?

रानवाट_सत्तरी: झूलॉजी, ५८ टक्के. फॉर्म सेटचा, लिहायचं राहिलं. जन्म इथल्या सत्तरी तालुक्यातलाच. २०२०च्या जानेवारीत तिथे गोळावलीत चार वाघ विषबाधेने मेले तेव्हापासून हे डोक्यात आहे, कारण वाघाने गुरं मारली की गवळ्याचं घर कसं चालतं ते आमच्या वर्गात कुणी बोलतच नव्हतं. परवा पोरांना बांबर गावी निरंकार देवाच्या राईत नेलं. चिखलातून गुडघ्यासारखी वर आलेली रानजायफळाची मुळं बघून एकाने विचारलं, ही झाडं कुणी राखली? गावाने, देवाची म्हणून. पुस्तक मिटून त्याच्यावरच तासभर बोललो. मला हे शिकवायचंय.

मांडवीकाठ: मग सेटला विषय लाइफ सायन्सेस भर. कन्झर्व्हेशन लीडरशिप नावाची जागा मी तरी आपल्याकडच्या जाहिरातीत पाहिली नाही, झूलॉजी नाहीतर एन्व्हायर्न्मेंटच्या नावाने निघतात. आधी पाय रोव, तो विषय आतून आणता येतो. आणि राईतला तो तास लिहून ठेव, पीएचडीला उपयोगी पडेल.

डोंगरमाथा: म्हणजे शेवटी पीएचडीच ना!

रानवाट_सत्तरी: भरतेय आत्ता. फोटोची साइझ जास्त होतेय म्हणून घेत नाहीये, मोबाइलवर कमी कशी करायची?